बाईंच्या पोटात दुखत नव्हतं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वैद्यक महाविद्यालयाचे अधिष्ठाता डॉ. सुहैल फुराती, व्यासपीठावरील ज्येष्ठ सहकारी, बाईंचे यजमान अब्दुलमाजिदसाहेब, कन्या इन्साफ, परिचारिका भगिनी, प्रयोगशाळेतली मंडळी, आणि ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत त्या प्राध्यापिका रफीका जराया, म्हणजे आपल्या सर्वांच्या बाई,

शल्यचिकित्सकाच्या हाती माइक देऊ नये, तो कुठे थांबायचं ते विसरतो, असं मघाशी अध्यक्षमहोदय माझ्या कानात म्हणाले. मी एकच प्रसंग सांगणार आहे. त्याला सहा वर्षं झाली, पण माझा धक्का अजून ओसरलेला नाही.

बाईंनी मला जीवरसायन शिकवलं. पहिल्याच तासाला त्यांनी वर्गात ऑलिव्ह तेलाच्या दोन वाट्या फिरवल्या होत्या. एक ताजं, एक खवट. "या ऑलिव्हच्या गावात, स्फाक्समध्ये जन्मलात ना? मग नाकाने शिका," म्हणाल्या. मधुमेहात शरीरातली चरबी अशीच खवट होऊ लागते. तिला आवर घालणारे रखवालदार, म्हणजे अँटिऑक्सिडंट द्रव्यं, शरीरातच असतात. पण त्यात पोटात पू झाला, तर ते रखवालदार भराभर खर्ची पडतात. हे रक्तात मोजणं हे बाईंचं आयुष्यभराचं काम.

बाईंना स्वतःला वीस वर्षांचा मधुमेह. तपासणीच्या रसायनांची नवी खेप आली की त्या आधी स्वतःचंच रक्त तपासत. स्वतःचे आकडे त्यांना तोंडपाठ. त्या सोमवारी आकडे भलतेच आले. खवटपणा दुपटीच्या वर, रखवालदार जवळजवळ नाहीसे. बाईंनी काय केलं असेल? पुरवठादार लतीफला फोन लावला!

"लतीफ, ही रसायनं आहेत की गटाराचं पाणी?"

"बाई, सीलबंद माल आहे हो. आईशप्पथ!"

"आईला मध्ये आणू नकोस. दुसरी खेप पाठव."

लतीफभाई आज मागच्या रांगेत बसले आहेत. मान हलवतायत बघा. दुसरी खेप आली, आकडे तेच. मग बाईंनी शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीचं रक्त तपासलं. ते अगदी व्यवस्थित.

बाई जिना उतरून माझ्या खोलीत आल्या. स्वतःच्या पायांनी, हे लक्षात घ्या.

"नजीब, जरा माझं पोट बघ."

"दुखतंय का बाई?"

"नाही. दुखत असतं तर तुझ्याकडे कशाला आले असते? स्वतःच ओळखलं असतं."

मी पोट दाबून पाहिलं. मऊ. ताप नाही. दुपारी मासळी घातलेला कुसकुस खाल्ला होता, थोडा जड गेला म्हणाल्या. नाडी तेवढी जलद होती. मी हसून म्हणालो, "जिना चढ-उतार फार करता तुम्ही."

"हसू नकोस. स्कॅन कर. हे आकडे निरोगी पोटाचे नाहीत. कुठे ते मला कळत नाही, ते तू शोध."

स्कॅनच्या पडद्यासमोर मी उभा राहिलो. आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, केव्हाच फुटलं होतं. यकृताखालपर्यंत पू पसरला होता. असा माणूस वेदनेने कण्हत पडून असतो, त्याला हलवत नाही. आणि या बाई बाहेर बाकावर बसून इन्साफला फोनवर सांगत होत्या, "उशीर होईल गं, बाबांना जेवायला वाढ." मधुमेहाने त्यांच्या पोटातल्या नसा इतक्या बधिर केल्या होत्या, की आत आग लागलेली त्यांना कळलीच नव्हती.

त्याच संध्याकाळी मी त्यांचं पोट उघडलं. काय दिसलं ते या सभेत सांगत नाही. सुईण जसं बाळ हातात घेते तसं ज्यांनी माझं शिक्षण हातात घेतलं, त्यांच्या पोटात माझे हात होते.

पुढचे दिवस फार वाईट गेले. अब्दुलमाजिदसाहेब मला बाईंच्या खाटेपाशी अडवून म्हणाले, "अहो, तिचे ते रखवालदार संपलेत ना? मग बाहेरून भरा की! जीवनसत्त्वं द्या, डाळिंबाचा रस द्या, सगळं द्या!" बाई अर्धवट शुद्धीत होत्या. त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "माजिद, पुरावा नाही त्याला. पू काढा, साखर आवरा, प्रतिजैविकं द्या. माझ्या नावावर भलतं औषध खपवू नका." बाईंच्या जागी मी असतो तर डाळिंबाची अख्खी बाग मागवली असती.

हळूहळू साखर ताब्यात आली, जखम भरू लागली. बाई वाचल्या. लतीफभाईंना बोलावून त्यांनी माफीही मागितली.

पण मला खरा हादरा त्यानंतर बसला. घरी जायच्या आदल्या दिवशी बाई खिडकीशी बसल्या होत्या. मी म्हणालो, "चला, सुटलो आपण."

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नजीब, माझी थोरली बहीण झकिया गेली ना, तिलाही मधुमेह होता. दोन दिवस नुसती मलूल होती. मी सारखी विचारत होते, ताई, कुठे दुखतंय? ती म्हणायची, कुठेच नाही गं. गेली तेव्हा सगळे म्हणाले, हृदय थकलं असेल. मीही म्हणाले, बरं झालं, वेदना न होता गेली."

झकियाताईंना नेमकं काय झालं होतं, ते आता कुणालाच कळणार नाही. बाईंनाही नाही. हे न कळणं घेऊनच त्या घरी गेल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात गावोगावच्या दवाखान्यांत जाऊ लागल्या. तिथल्या डॉक्टरांना, परिचारिकांना, बाहेर बसलेल्या म्हाताऱ्यांना एकच सांगत, "मधुमेही माणूस मलूल दिसला, तर दुखत नाही या उत्तरावर थांबू नका." सहा वर्षं त्या हे सांगत हिंडल्या. त्यांनी पाठवलेली कितीतरी माणसं, मऊ पोटाची, न कण्हणारी, मी उघडली आहेत. त्यातली बरीचशी आज घरी जेवत असतील.

बाई, तुम्ही निवृत्त होताय. प्रयोगशाळा तुमची जागा भरील. पण मी कुणाच्या पोटावर हात ठेवला आणि तो "काही दुखत नाही" म्हणाला, की अजूनही माझ्या छातीत धस्स होतं. ती भीती तुम्ही दिलीत. ती कधी जाऊ नये, एवढाच आशीर्वाद द्या.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी आपला ऋणी आहे. आनंदाच्या सभेत पोटातल्या गोष्टी काढल्या, वेळही जास्त घेतला. अध्यक्षमहोदय, तेवढं पोटात घाला.