बेडशाच्या खाचरातला दगड

भुताखेतांना भिणारे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील, पण आमचे बेडशाचे नामदेवआबा विज्ञानाला भ्यायले होते.

अणूचे कण एकमेकांवर आपटणारं प्रचंड यंत्र डोंगराखाली बसवायचं म्हणून पाहणी सुरू झाली आणि पाहणीवाल्यांनी आबांच्या भातखाचरात खुणेचा दगड रोवला. असं यंत्र सुरू झालं की जमिनीला भोक पडतं आणि सगळं आत ओढलं जातं, ही बातमी मोबाइलवर फिरतच होती.

"भाऊसाहेब, गाव गिळायची सुरवात माज्याच खाचरापासनं व्हनार," आबा मला म्हणाले.

मी समजावलं, "आबा, ते कण फार बारीक असतात."

"मरायला इख पन थोडंच लागतं."

दुसऱ्या दिवशी आबांनी त्या दगडाला शेंदूर फासला आणि नारळ फोडला. आता देवाच्या जागेला कोण हात लावणार?

महिनाभराने पाहणीचे साहेब स्वतः आले. "आबा, इथली जागा रद्द झाली. दगड काढून नेतो. राहिला तर उद्या दुसरं कुणीतरी इथूनच मोजायला लागेल."

साहेबांच्या माणसाने पहार उचलली, तसे आबा दगडाला आडवे झाले. चेहरा पांढराफटक. "हात लावू नगा!"

"अहो, पण या खुणेवरून मशीन परत इथंच यायचं ठरलं तर?"

"त्ये यायचं तवा यील, साहेब. ह्यो द्येव तर येऊन बसलाय."