सुट्टीवरचा ड्रायव्हर

हे लिहिणारच नव्हतो, बसमधल्या गप्पांचं काय लिहायचं! पण पुढच्या सीटवर एक बसड्रायव्हर आणि एक हॉटेलातला आचारी, दोघंही सुट्टीवर, जेवायला निघालेले. बस चौकात अडकलेली.

“आठ वाजले की टेबल दुसऱ्याला देतात रे! आणि तू पायाने कुठला ब्रेक दाबतोयस? आज सुट्टी आहे तुला!”

“आणि तू? गेल्या वेळी जेवायला गेलास नि त्यांच्याच किचनमध्ये घुसलास!”

“सूप अळणी होतं! वर्षभर लोकांना खाऊ घालतो मी. आज मला कुणीतरी गरमगरम वाढावं, बस्स.”

“हा आपला ड्रायव्हर बघ, बस जरा मागे घेतली तर डावीकडून सहज निघेल. घाबरतोय बिचारा.”

“गप बस खाली!”

“आलोच!”

तो उतरलाच. बसच्या मागे चिकटलेल्या टेम्पोवाल्याला दटावलं, हातवारे करत बस मागे घ्यायला लावली, डावीकडून बाहेर काढली. आत टाळ्याच टाळ्या! आणि बस जी सुटली, ती त्याला रस्त्यातच सोडून.

“अहो थांबवा, माझा मित्र राहिला!”

आचाऱ्याने खिडकीतून डोकं काढलं. मागून धापा टाकत आवाज आला,

“थांबवू नकोस! तू टेबल धर! मी पळत येतो, आणि तुझी शप्पथ, वाटेत कुणाचीही गाडी काढून देणार नाही!”