शिंगाचा बोकड

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष माननीय काकासाहेब, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, जनावरांच्या दवाखान्याचा सगळा स्टाफ, बचत गटातल्या माझ्या मायबहिणी, आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण कुंभार पिंपळगावात जमलोत त्या डॉक्टर गंधाली मॅडम, तुम्हा सगळ्यांना नंदाबाईचा नमस्कार.

मॅडमच्या कामाबद्दल मोठी माणसं बराबर बोलली. मला भाषण येत न्हाई. माझ्या गोठ्यात काय झालं, तेवढं सांगते.

माझी तृप्ती, ती बघा मागं बसलीय, लहान असताना बोकडाच्या शिंगानं तिचा डावा डोळा गेला. करडाला पाला द्यायला वाकली अन् बोकडानं मान झटकली. राग नव्हता त्याचा, अंगावर माशी बसली आसंल. त्या दिवसापासून तिला गोठ्याची पायरी बंद केली अन् शिंगाचं जितराब विकून टाकलं. भुंड्या, बिनशिंगाच्या शेळ्या घेतल्या. पण त्यांना फळवायला शेजारच्या चतुराबाईच्या बोकडाकडं न्यावं लागायचं, अन् तिथंही शिंगंच. शेवटी केदारखेड्याहून भुंडा बोकडच आणला. गोठ्यात एक शिंग उरलं न्हाई. मला वाटलं, सुटले.

मंग करडं व्हायला लागली ती विचित्र. दिसायला पाठ, म्हंजी मादी करडू, पण अंगाला वास बोकडाचा. वाढली, पण माजावर येईनात. सभेत यापेक्षा उघडं बोलता येत न्हाई, बायांना समजलं आसंल. बाजारात नेली तर लोक हसले. चतुराबाई म्हणाली, "नंदे, तुझं तू बघ. माझ्या बोकडाकडं काही आणू नको." तिचं तरी काय चुकलं? बाधा समजूनच सगळं गाव लांबून चाललं होतं.

त्यातच जांब समर्थ गावचे पाहुणे तृप्तीला बघायला आल्ते. चहा झाला. त्यांच्यातली एक म्हातारी गोठ्यात डोकावली अन् म्हणाली, "या घरात शेळ्याच फळत न्हाईत का?" परत आले न्हाईत. डोळ्याचं त्यांना आधीच सांगितल्तं. गोठ्याचं सांगितलं नव्हतं.

तेव्हा मॅडम आल्या. एकेक करडू तपासलं. म्हणाल्या, "नंदाताई, ही बाधा नाही. शिंगं नसण्याचा गुण रक्तातून येतो. एकट्या आईकडून किंवा एकट्या बापाकडून आला तर चालतं. दोघांकडून आला की मादी करडू धड मादी राहत नाही. बोकड शिंगाचा पाहिजे."

मी म्हणलं, "दुसरं सांगा. इंजेक्शन सांगा."

"यावर इंजेक्शन नाही."

"मंग बोकडाची शिंगं कापा."

"वाढलेल्या बोकडाची कापली तर फार रक्त जातं. पुढच्या करडांची मी लहानपणीच डागून देईन, म्हणजे शिंगं उगवणार नाहीत. हा बोकड मात्र शिंगासकट आणावा लागेल."

मंडळी, मी काय करायला पाहिजे होतं? शेळ्या विकाव्या तर गिऱ्हाईक न्हाई. ठेवाव्या तर वंश न्हाई. अन् शिंग दारात आणावं, तर पोरीचा एकच डोळा उरलाय. मी चुलीपुढं जाऊन बसले.

तृप्ती मागं आली. म्हणाली, "आई, डोळा माझा गेलाय. मला भेव वाटत न्हाई, तुला वाटतं. किती वर्षं मला गोठ्याबाहेर ठेवशील?"

मॅडमला संगं घेऊन तीच बाजारात गेली, अन् शिंगाचा बोकड स्वतः दोरी धरून घेऊन आली.

आता करडं धडधाकट आहेत. पाठी वेळेवर माजावर येऊन राह्यल्या. जांबच्या पाहुण्यांनी परत निरोप धाडला. तृप्ती म्हणाली, "त्यांना सांगा, शेळ्या फळल्या. पोरगी मात्र द्यायची न्हाई."

सगळं बराबर झालं. बिघडलेली मी एकटीच. तृप्ती पाला घेऊन आत गेली की मी दारात काठी घेऊन उभी राहते. मॅडम एकदा म्हणाल्या, "नंदाताई, तो बांधलेला आहे." मी म्हणलं, "दिसतंय मला." पाय तरी हलेनात.

त्यावर त्यांनी मला समजावलं न्हाई. लस द्यायच्या निमित्तानं यायच्या अन् तृप्ती बाहेर येईस्तोवर माझ्याशेजारी गुमान उभ्या राहायच्या.

उद्यापासून मी एकटी उभी राहीन.

मॅडम, बदलीच्या गावी तुमचं चांगलं होवो. तुमचे उपकार मी विसरणार न्हाई. अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलं, आभारी आहे. अडाणी बाई आहे, शब्द कुठं वाकडा गेला आसंल तर पदरात घ्या.