वजन काय म्हणतंय?

...आणि वर आत्याबाई मलाच ऐकवतात, नव्या सुनेनं मोठ्यांच्या मध्ये बोलू नये म्हणून! बोलले, बरं? लग्नाला चार महिने झाल्यावर एकदाच तोंड उघडलं, तेही डॉक्टरांसमोर. पण तुम्हाला सांगते, दुसरं करणार काय होते मी?

आमचे सासरे शिंपी. वजन कमी करायचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी पोट इवलंसं केलं आणि माणूस भराभर उतरायला लागला. दर पंधरवड्याला स्वतःचीच पँट उसवून लहान करायचे. फोन वाजला की आत्याबाई, "दादा, वजन काय म्हणतंय?" दारात गिऱ्हाईक, वजन काय म्हणतंय? सासूबाई तर त्यांना काट्यावर उभं करून आकडा अख्ख्या गल्लीला ऐकवायच्या. वजन बिचारं रोज काहीतरी म्हणायचं... माणूस काही म्हणतोय का, हे कोण बघतंय?

मी बघत होते. मापावरून गिऱ्हाइकांशी तासन्‌तास भांडणारे बाबा आता नुसतं 'हो, हो' म्हणायचे. मशीनवर हात ठेवून बसायचे, मशीन बंदच. आणि ज्या कात्रीला स्वतःच्या मुलालाही हात लावू दिला नाही, ती एके दुपारी माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "तूच ठेव. मला आता कुठे लागणार आहे?" सासूबाईंना वाटलं, सुनेवर किती जीव! मला मात्र ती निरवानिरव वाटली.

मग तपासणीचा दिवस. डॉक्टरांनी विचारलं, "मन काय म्हणतंय?" तर बाबा सवयीनं म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी."

सगळे हसले हो, सासूबाई तर डोळे पुसून पुसून. मला काही हसू येईना. मी कात्रीचं सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, या ऑपरेशननंतर काहींचं मन वजनापेक्षा जोरात उतरतं, जिवावरही बेततं, म्हणून तर विचारतो. मग त्यांनी सरळच विचारलं, मरावंसं वाटतं का? बाबा गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत राहिले... गुंडाळत राहिले.

"रोज," म्हणाले.

त्याला दोन महिने झाले. मनाच्या डॉक्टरांकडे जातात, गोळ्या घेतात, घरात त्यांना एकटं कुणी सोडत नाही. माझ्याशी मात्र अबोला; चुगली केली ना मी! आणि काल त्यांच्या हाताखाली शिवताना मी एका शर्टाला कॉलर उलटी जोडली. बाबांनी मशीन थांबवलं. "डोळे गहाण ठेवलेस का गं?" इथून जी सुरुवात झाली ती अर्धा तास... माझे टाके, माझी इस्त्री, माझं माहेर, काही म्हणून सोडलं नाही. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या आणि रडत होत्या. मीही मान खाली घालून उभी. म्हटलं, थांबू नका बाबा, चालू द्या.

तेव्हा काय सांगू, बाबांचं जेवण चार चमच्यांत आटपतं. या घरात पोटभर खाणारी आता मी एकटीच. बोलणी हो, दुसरं काय!