गिरणीची घरघर

ज्योत्स्ना: बाबा, मीठ-कोळसा पुरे झाला. तांब्याचा रॉड सात फूट गेला खाली. आता पानी ओता अन् हात धुवा.

पंजाबराव: तार आवळली ना? रेडिओची अर्थिंग ढिली राह्यली तं शेजारच्या गिरनीची घरघर जशीच्या तशी.

ज्योत्स्ना: आवळली. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बी जोडला. आत दोन गुंडाळ्या हायेत, एकमेकीले शिवत नाहीत. वीज पलीकडं जाते, गिरनीच्या मोटारीची घरघर अलीकडंच अडते.

पंजाबराव: चालू कर मंग. ट्रान्सफॉर्मर आनला तवापासून बंदच हाय तो. सहाले तिकडं कामरगावले मदनसिंग त्याच्या रेडिओच्या माईकजवळ बसते.

(ती रेडिओ चालू करते. घरघर नाही.)

पंजाबराव: पाह्य, कसा निवळ झाला. लकव्यानं त्याचा आवाज बसला, अन् त्यात हे गिरनी. महिनाभर मी नुसता ‘हो, हो’ करून राह्यलो. फोन तं त्याले कधी आवडलाच नाही. बावीस वर्सं झाले, जे बोललो ते याच्यावरच.

ज्योत्स्ना: बाबा, माईक खाली ठेवा.

पंजाबराव: काहून?

ज्योत्स्ना: कामरगाववरून त्यायच्या योगिनीचा फोन आला होता. मदनकाका गेले. परवा सकाळी.

पंजाबराव: अन् तू मले आज खड्डा खोदू देल्ला.

ज्योत्स्ना: फोन दुपारी आला. तुमी पावडं घेऊन खड्ड्यात उतरले होते. माह्या तोंडातून निंगालं नाही.

पंजाबराव: ...काय म्हने योगिनी?

ज्योत्स्ना: म्हने, तुमचे बाबा सोमवारी येतो म्हनले होते.

पंजाबराव: मी? कवा?

ज्योत्स्ना: काकानं रेडिओवर इचारलं, सोमवारी येतं का, एकदा भेटून जाय. तुमी हो म्हनले.

पंजाबराव: मले आइकूच नाही आलं ते.

ज्योत्स्ना: सोमवारी त्यायनं दाढी करून घेतली. खाट दाराजवळ टाकाले लावली. अंधार पडला तरी आत नेऊ देल्ली नाही म्हने.

पंजाबराव: सोमवारी मी कुठं होतो?

ज्योत्स्ना: रिसोडले. हा ट्रान्सफॉर्मर आनाले.

पंजाबराव: बंद कर तो रेडिओ.

ज्योत्स्ना: केला. ...योगिनीले सांगू का, तुमाले आइकू नोतं आलं म्हनून?

पंजाबराव: नको. तिचा बाप महिनाभर बोलून राह्यला होता अन् कोनाले समजत नोतं, हे तिले कायले सांगतं? तिले सांग, मी विसरलो.