अण्णांच्या घड्याळाची चावी

आमच्या वडलांइतका, अण्णांइतका, अडेल माणूस अख्ख्या मस्तगडात न्हाई बघा. मनगटावरचं घड्याळ मागं पडलं की चावी पिळत बसायचे. म्हणे जल्दी चालेल!

मी म्हटलं, "अण्णा, चावी आधी बाहेर ओढा, मंग फिरवा. काटे सरकतात."

"शाळा सोडून बसलास अन् मला शिकवतो?"

त्याच घड्याळापायी अक्काची औरंगाबादची गाडी चुकली. मास्तरणीच्या नोकरीची मुलाखत होती तिची. ती फलाटावर रडून राह्यली अन् अण्णा म्हणतात, "गाडीच लवकर सुटली!"

घरी आल्यावर मला खोलीत बोलावून त्यांनी दार लावलं. वाटलं, आता मारतात. तर घड्याळ पुढं करून हळूच म्हणाले, "किती ओढायची?"

मी दाखवलं. अक्काला मात्र घड्याळच मागं होतं, असं ते अजून एका शब्दानं बोलले न्हाईत.