चिमीच्या टेबलाचा खण

नाही नाही, उघडेल ना, न उघडायला काय झालं — असली कुलपं म्हणजे आम्हाला पोरखेळ — पण ताई, पेटी मुलाची म्हणता, तो कामावर गेलाय म्हणता, आणि त्याला कळता कामा नये म्हणता. बसा. ते स्टूल डुगडुगतं जरा, भिंतीला टेकवून घ्या. काळजी वाटते, हो ना? एवढा मोठा झाला, पण बोलत नाही, धड जेवत नाही, आला की खोलीत जाऊन बसतो — कळतं हो मला. मलाही मुलगी आहे. चिमी. आता चाळिशीला आली, तरी आमच्यासाठी चिमीच.

तिच्या टेबलाला एक खण होता. त्याला कुलूप मीच बसवून दिलं, किल्ली तिच्या हातात ठेवली — मोठ्या ऐटीत हं, म्हटलं, ही एकच, दुसरी नाही. खोटं नव्हतं ते. दुसरी नव्हतीच. मला लागतेय कशाला! मग एकदा तिची आई म्हणाली, पोर हल्ली गप्प असते, बघा जरा. म्हणून बघितलं. एकदाच — एकदा कसलं, ती क्लासला गेली की बघायचो. तार घालायची, टिचकन उघडायचं, बघायचं, जसंच्या तसं ठेवून द्यायचं. ओरखडा म्हणून उठू द्यायचा नाही, त्याची तर मला घमेंड. काय असायचं? काही नाही हो. रंगीत खडे, सुकलेली पानं, मैत्रिणीचा फोटो. तेवढंच.

मग एक दिवस घड्याळ सापडलं. बाप्याचं. पट्टा तुटलेला, शेजारी सुईदोरा. कुणाचं? अजून माहीत नाही. तुम्ही म्हणाल, विचारायचं सरळ — अहो, विचारणार कसं? विचारलं की कळलं ना तिला, बाप खण उघडतो! आली का पंचाईत. तोंड उघडायची सोय नाही आणि डोक्यात किडा वळवळतोय. मग काय केलं, तर स्थळं बघायला लागलो. शिकत होती ती. म्हणाली, बाबा, इतकी घाई का? मी म्हटलं, चांगलं स्थळ आहे, हातचं घालवू नये. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि हो म्हणाली. मला तर ताई, सुटल्यासारखं झालं.

जावई? माणूस वाईट नव्हता — म्हणजे मी म्हणतो, तिला कुठं विचारलंय. मोडलं ते लग्न. मोडून वर्ष उलटल्यावर मला कळलं, तेही तिच्या शेजारणीकडून. आता एकटी राहते, नोकरी करते. कशी आहेस — बरी आहे. जेवलीस — जेवले. संपला फोन. मध्ये तिच्याकडे गेलो, तर घरात एका कपाटाला कुलूप नाही, खणाला नाही, न्हाणीघराची कडीसुद्धा निखळलेली. पुढच्या खेपेला दुकानातलं उत्तम कुलूप घेऊन गेलो, तेलबिल घालून. तिनं ते उलटसुलट करून बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्हाला किल्ली लागते कुठे?"

रागावली असती तर परवडलं असतं हो. चहा केला तिनं, साखर कमी घातली, माझ्या तब्येतीची चौकशी केली. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं, पहिल्यापासून. आणि ठाऊक होतं, तरी घड्याळ तिथंच ठेवलं. का ठेवलं? मी विचारावं म्हणून तर नाही? बाप आज विचारेल, उद्या विचारेल — आणि बापानं आणलं स्थळ. हेच घोळत असतं डोक्यात. आता विचारायला काय हरकत आहे, म्हणता? विचारतो की. परवाच फोन लावला, मुद्दाम त्याच्यासाठी लावला. म्हटलं, जेवलीस का?

तर ताई, पेटी घेऊन जा घरी. मुलाला विचारा. नाही बोलला तर परत विचारा, चिडला तरी विचारा, पण हे असलं —

थांबा. बघू नका. बघू नका म्हणतो ना! बोलता बोलता हातानं उघडलं की हे. तार कधी घातली, मला कळलंसुद्धा नाही... हे घ्या, लावलं परत. मी काही बघितलेलं नाही. पैसे कसले, काही नको. जा तुम्ही. आणि जाताना तेवढं दार ओढून घ्या.